खंडेनवमीला सगळे प्रेस गप असतात

१

“शब्दाले पयल्या भेटीतच अर्थ चिकटवू नोको, पोरी. आधी त्याच्या घरोघर जाऊन ये. कुठं जेवते, कुठं झोपते, कोनाले नकोसा हाय, थे पाय. मंग सांग मले, तो कोन हाय.”

बबनराव ठोंबरे सरांनी वर्गात हे सांगितलं तेव्हा अंजू राठोड तांड्यावरून चालत शाळेत येणारी मुलगी होती. आज ती दिग्रसला फौजदार होती, आणि सर तिच्यासमोर रुईत आडवे पडले होते.

दसऱ्याची सकाळ. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये हंगामाची पहिली गाठ बांधायचा मुहूर्त होता. सरकी काढलेली रुई एका उंच लोखंडी पेटीत ओततात, वरून दट्ट्या येऊन ती दाबतो आणि गाठ तयार होते. त्या यंत्राला इथे सगळे प्रेसच म्हणतात. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, प्रेस धुऊन पुसून त्याची पूजा झाली होती. पेटीवर हळदीकुंकवाची बोटं, दट्ट्याला झेंडूचा हार, दूर वाळूच्या ताटात तेवता दिवा. मुहूर्ताचं बटण दाबायच्या आधी प्रेसवाला बादल सहज पेटीत वाकला. त्याने फोडलेली किंकाळी ऐकून फाटकापाशी वाजणारा बँड थांबला.

सरांच्या डोक्यामागे एकच खोल घाव होता. खांद्याला नेहमीची कापडी पिशवी तशीच. अंजूने वाकून मूठभर रुई उचलली. पांढरीशुभ्र. रुई पाणी पिते, तेल पिते, रक्तही पिते. या रुईने काहीच प्यालेलं नव्हतं.

“सर इथे गेलेले नाहीत,” ती म्हणाली. “आणून ठेवलेत.”

“किंवा रुई बदलली,” ठाणेदार साहेब म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांना सणाच्या दिवशी गावात गर्दी नको होती. “प्रेसची किल्ली बादलपाशी. कालपासून दिव्यापाशी बसलेला तोच, असं तोच सांगते. आन मागच्या हप्त्यात सरांची कॉलर धरून ‘मरायचं हाय का म्हाताऱ्या’ म्हणून ओरडला, थे सगळ्या मजुरांनं ऐकलं. अजून काय पायजे?”

बादल भिंतीला टेकून उभा होता. चोवीस-पंचवीसचा पोरगा, मुहूर्तासाठी घातलेला नवा शर्ट. त्याने अंजूकडे पाहिलं आणि शर्टाची बाही खाली ओढली. त्याच्या पायाशी स्टुलावर गाठींना लावायच्या नव्या लेबलांचं सुतळीने बांधलेलं पुडकं पडलं होतं.

“राठोड मॅडम, पोरगं तुमच्याच तांड्याचं,” ठाणेदार हळू आवाजात म्हणाले. “म्हणून आधीच सांगतो. उद्या दुपारी त्याले कोर्टात उभं करतो. तोवर दुसरं नाव सापडलं तर आणा. नाई तर हेच नाव.”

२

सरांच्या घरी घट बसलेले होते. विधवा झाल्यावर सरांची बहीण मैनाबाई इथेच येऊन राहिली, तिला आता बरीच वर्षं झाली होती. देव्हाऱ्यापुढच्या अखंड दिव्यात ती तेल घालत होती. भावाचं शव दवाखान्यात असताना ती दिव्यात तेल घालते याचं शेजारणींना आश्चर्य वाटत होतं. पण लावलेला दिवा घरातल्या दुःखासाठी थांबत नाही, त्याला त्याच्या वेळेला तेल लागतंच.

“बस माय,” मैनाबाई म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. “उपाशी गेला माहा भाऊ. नवमीचं ताट झाकून ठेवलं होतं म्या. दिवे लागले का येतो म्हने.”

“काल कुठे कुठे जाणार होते?”

“प्रेस पाह्यले.” ती खिन्न हसली. “वरीस झालं, त्या एका शब्दाच्या मांगं लागलाता. सकाळी चहा पेता पेता मले शिकवे. मी म्हनो, दादा, मले काय करायचं तुमचं विंग्रजी? तर म्हने, ऐक त.”

मग तिने भावाच्याच थाटात, थांबत थांबत सांगितलं. शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ दाबणं. पहिला प्रेस द्राक्षांचा, रस काढायचा. त्याच्यावरून छापणाऱ्याने आपलं यंत्र बनवलं आणि नावही तेच घेतलं. छापलेल्या कागदावरून पत्रकारांना ते नाव पडलं. जुन्या इंग्लंडात कपड्यांच्या कपाटालाही प्रेस म्हणत. आपल्याकडे आला तो इस्त्रीवर बसला, रुईच्या गाठीवर बसला, मोटरसायकलच्या काचेवर बसला.

“आन म्हने, मैने, विंग्रजाच्या देशात हे सगळे रोज खडखडत राह्यतात. आपल्या इथं खंडेनवमीले सगळे प्रेस हळदकुंकू लावून गप बसतात. असा दिवस दुसऱ्या कोन्या भाषेले नसन. मी आज सगळ्याच्या घरी जाऊन येतो, गप बसलेला शब्द पाह्यतो.”

अंजूने सरांची पिशवी तिच्यापुढे ठेवली. आत पळसाच्या पानात बांधलेली लापशी होती, बादलच्या आईने सेवालाल महाराजांच्या भोगासाठी केलेली. एका कागदाच्या पुडीत गूळ-फुटाणे. दोन्हींच्या गाठी जशाच्या तशा.

मैनाबाईने पळसाचं पान नुसतं हाताने कुरवाळलं. “घरी आनून ठेवे तो. लेकरासारखा.”

तेवढ्यात अंजूचा फोन वाजला. दवाखान्यातले डॉक्टर होते. “एकच घाव, जड लोखंडाचा. मृत्यू दुपार उलटल्यावरचा, अंधार पडायच्या आतला. पोटात पाण्याशिवाय काही नाही. आणि एक विचित्र गोष्ट, मॅडम. जखमेभोवतीचे केस कोणीतरी रॉकेलने पुसलेत.”

३

ठाण्याच्या फाटकाशी बादलची आई मानीबाई बसून होती. कपाळावर पदर, हातात भाकरीचं फडकं. अंजूला पाहताच ती उठली.

“याडी, तू घरी जा,” अंजू म्हणाली. तांड्यावरच्या बोलीत आईला याडी म्हणतात. गावातली प्रत्येक म्हातारी अंजूची याडीच होती.

“कशी जाऊ? तो खोटं बोलून राह्यला, बेटा.” मानीबाईने इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला. “काल उन्हं कलली तवा तो घरी आलता. जेवला, झोपला, पहाटेच गेला. दिव्यापाशी नव्हताच. पन आईचं कोन ऐकते?”

अंजू आत गेली. बादल कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. ती त्याच्यासमोर खाली जमिनीवरच बसली.

“काहून खोटं बोलतोस?”

त्याने गुडघे आणखी जवळ ओढले.

“सरांनी मला एक गोष्ट सांगितली होती. जुन्या इंग्लंडात आरोपी कोर्टात तोंड उघडेना झाला की त्याला उताणं निजवायचे आणि छातीवर वजनं ठेवत जायचे. बोलेपर्यंत, नाहीतर मरेपर्यंत. त्यालाही ते हाच शब्द लावायचे, प्रेस. उद्या तुझ्या छातीवर असंच होणार आहे, बादल. आणि ठेवणारा तूच.”

बादलने डोकं वर केलं. “मालकानं सांगतलं होतं, कापूस भरला हाय, दिवा सोडून हलशीन तर कामावरून गेलास म्हनून समज. मी सोडून गेलो. मायनं भोग केलता, तिच्या हातचं खावं वाटलं. दाराले कुलूपबी नाई लावलं. तेवत्या दिव्यावर आमच्यात कुलूप लावत नाई.” त्याने डोळे पुसले. “लागली असती आग त गाव जळलं असतं. हे मायनं ऐकलं असतं, मालकानं ऐकलं असतं. म्हनून म्हनलं, बसलो होतो.”

“आणि सरांची कॉलर?”

“पेटीत डोकं घालून पाहून राह्यलते, दट्ट्या वर असतानी! मी मांगं ओढलं. शिवी निघाली तोंडातून. सर हसले. म्हने, आजवर ज्यानं त्यानं मले हा शब्द पुस्तकातून सांगतला, तू पयला, ज्यानं मान धरून सांगतला.” तो पुढे म्हणाला, “काल आले त मायनं सकाळी धाडलेली लापशी देली. खाल्ली नाई, पिशवीत घातली. रामधनकडं जातो म्हने.”

अंजू उठता उठता थांबली. “लेबलांचं पुडकं कधी आलं?”

“कोनतं?”

“स्टुलावरचं.”

बादलने गोंधळून पाहिलं. “थे सकाळीच पाह्यलं म्या. काल त स्टूल रिकामं होतं, ताई.”

ठाणेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “आईची साक्ष आन आरोपीचं बोलनं. ह्या दोन काड्यांवर तुमी मांडव घालता, मॅडम?”

४

रामधनची इस्त्रीची टपरी बसस्टँडच्या मागे होती. कोळशाची मोठी इस्त्री पाटावर निजवलेली, तिला हार, पुढे आपट्याची पानं.

“आजबी सुट्टीच,” रामधन म्हणाला. “सिमोलंघन होईस्तोर हात लावत नाई मी हिले. बायकोले लावीन हात, हिले नाई.”

“ऐकू येऊन राह्यलं मले!” पडद्याआडून आवाज आला.

“ऐक बाप्पा, ऐक. पोलीस हाय समोर, साक्षीले कामी येशीन.” मग त्याचा चेहरा उतरला. “सर आलते, मॅडम. चुरगळलेला शर्ट घालून! जनमभर माह्याकडं एक कपडा नाई देला, आन काल इस्त्रीपुढं हात जोडून उभे. म्हने, रामधन, तुहा प्रेस सगळ्यात गरीब, आन सगळ्यात गरम. मी फुटाने देले. खा म्हनलं, त म्हने, नेतो.”

“इथून कुठे गेले?”

“थो पाय, थो सांगन. तुमचा प्रेसवाला.”

रजत रस्त्यापलीकडे पानठेल्याशी उभा होता. त्याच्या मोटरसायकलच्या काचेवर नंबरापेक्षा मोठ्या अक्षरात लाल रंगात ‘प्रेस’ लिहिलेलं, पुढच्या चाकाखाली चिरडलेलं लिंबू. तो एका साप्ताहिकाचा वार्ताहर होता आणि ठाण्यात सगळ्यांना अरे-तुरे करायचा. अंजूला मात्र नाही.

“मॅडम, माहं नाव यादीत हाय का?”

“असायला पाहिजे का?”

“सरांनी वाचनालयात चारचौघांत माही इज्जत काढलीती, सगळ्यांले मालूम हाय.” त्याने सिगारेट विझवली. “म्हने, रजत, तुह्या गाडीवरचा प्रेस कोनता गा? विंग्रजीत दोन हायेत. दिसाले जुळे, पन आईबाप वेगळे. एक दाबन्याचा. दुसरा जुना फ्रेंच, हातावर उचल टेकवन्याचा. उचल हातात पडली का मानूस बांधला जाय, मंग त्याले धरून लढाईच्या जहाजावर चढवत. नंतर उचल राह्यली बाजूले, नुसतं धरून नेनंच राह्यलं. तुह्या हातावर कोनी काय टेकवलं?” रजत कडवट हसला. “सगळे हसले. घरी जाऊन मी लय रागावलो. आन मंग बोरी अरबची फवारनीची बातमी मी केली. दोन मजूर डोळ्यांनं गेले, थे. कोनी छापत नव्हतं. सरांच्या त्या एका वाक्यानं केली.”

“काल पाहिलंस त्यांना?”

“हाव. इथंच. मले म्हने, तुही गाडी बसलेली पाहून बरं वाटलं. मंग देवीलालजीच्या छापखान्याकडं वळले. एकच प्रेस राह्यला म्हने.”

“परत येताना?”

रजतने छापखान्याच्या दिशेने पाहिलं. “मी अंधार पडेस्तोर इथंच होतो, मॅडम. परत येतानी नाई दिसले.”

५

देवीलालजींच्या छापखान्यात जायचं तर याच रस्त्याने जावं लागे आणि यायचंही. मागचा दरवाजा मात्र शेतांकडे उघडत होता. लग्नपत्रिका, पावत्या, जिनिंगची लेबलं, सगळं दिग्रस त्यांच्याकडे छापून घ्यायचं. स्वच्छ सदरा, कपाळाला गंध, बोलण्यात मध. पत्नी बबिता चहा ठेवून दाराशी उभी राहिली.

“फार मोठा माणूस गेला,” देवीलालजी म्हणाले. “काल आले होते ना. तुम्हाला कळलंच असेल.”

“कळलं.”

“पूजा झाली होती, माणसाला सुट्टी दिली होती. तो दसरा करून उद्या येईल. मी आपला दिवसभर घरीच, कुठे गेलो नाही. सरांना बसवलं, मशीन दाखवलं. बबिताने शिरापुरी केली होती. पोटभर जेवले, पाणी प्याले, आशीर्वाद देऊन गेले. आता ते शेवटचं जेवण ठरलं बघा.” त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

“कोणत्या दाराने गेले?”

“मागच्या. शेतातून जवळ पडतं म्हणाले.”

अंजू यंत्रापाशी गेली. मोठं, निळं, जुनं यंत्र. रुळावर कुंकवाची बोटं होती. हळद नव्हती. बाई आधी हळद लावते, मग तिच्यावर कुंकू. हे तिला कोणी शिकवावं लागत नाही, बोटंच शिकलेली असतात. वर झेंडूची विकतची माळ, तिच्यात तारेचा तुकडा चमकत होता.

“पूजा छान झाली,” अंजू म्हणाली.

“हीच करते दरवर्षी.” देवीलालजींनी पत्नीकडे पाहिलं. बबिताने रिकामा कप उचलला. बशी तिच्या हातातून निसटून खाली फुटली.

“उपासाने थकली आहे,” देवीलालजी हसून म्हणाले. “मुलगी यवतमाळला शिकायला. घर खायला उठतं हिला.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजू पुन्हा मैनाबाईकडे गेली. घट हलवले होते. मैनाबाई उगवलेले धान सुपात घेऊन बसली होती.

“मैनाबाई, काल तुम्ही म्हणालात, भाऊ उपाशी गेला. ते नुसतं दुःखाने म्हणालात, की खरंच?”

मैनाबाईने सूप बाजूला ठेवलं. “कोनाले सांगू नोको म्हने तो. गावात देव नाई म्हनून भाषनं देनारा मानूस. वहिनीनं नवरात्राचा नेम धरलाता, नऊ दिवस अन्नाचा कन नाई, दिवे लागले का एकदाच फळं. वहिनी गेली त नेम तसाच राह्यला. तो यानं उचलला, गुपचूप. बारा घरच्या प्रसादाले नाई म्हनता येत नाई, म्हनून पिशवीत घालून घरी आने. मी खाओ.”

अंजूने तिच्या पायांना हात लावला आणि बाहेर पडली.

छापखान्यात तिने ठाणेदारांनाही बोलावलं होतं. ते दाराशी घड्याळ पाहत उभे राहिले. बादलला न्यायची गाडी ठाण्यात तयार होती.

“देवीलालजी,” अंजू म्हणाली, “सरांनी तुमच्याकडे शिरापुरी खाल्ली?”

“सांगितलं ना काल.”

“त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. नऊ दिवस त्यांनी अन्नाचा कण घेतला नव्हता.”

देवीलालजींचा चेहरा हलला नाही. “मग बांधून नेलं असेल. माझ्या लक्षात नाही. आलेल्या माणसाला न खाता सोडलं असं तोंडातून कसं निघेल, मॅडम?”

“बांधून नेलं असतं तर पिशवीत असतं. रामधनचे फुटाणे आहेत, मानीबाईची लापशी आहे. तुमच्या घरचं काही नाही. आपल्याकडे प्रसाद निघताना हातात पडतो. इथून सर निघालेच नाहीत.”

ठाणेदारांनी घड्याळावरून नजर उचलली.

“ते आलेच नाहीत असं तुम्हाला म्हणता येईना, रस्त्यावर रजत होता. म्हणून आले, जेवले, मागच्या दाराने गेले. पाहुणा जेवून गेला म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. आता दुसरं. जिनिंगमधलं लेबलांचं पुडकं कोणी पोचवलं?”

“माझ्या माणसाने.”

“तो सुट्टीवर. बादल उन्हं कलली तेव्हा निघाला, तेव्हा पुडकं नव्हतं. पहाटे आला तेव्हा होतं. तुम्ही कुठेच गेला नव्हता. मग ते चालत गेलं?” ती जवळ आली. “खंडेनवमीला जिनिंगचं फाटक प्रसादासाठी उघडं असतं. तुमची मालाची रिक्षा कोणी पाहिली तरी हातात काम दिसावं म्हणून पुडकं घेतलं. प्रेसपाशी कोणी नव्हतं, दाराला कुलूपही नव्हतं. पेटीत वाकून बघताना पडले, असं दिसेल अशी तुमची कल्पना होती. पण रुई पांढरी राहिली, कारण घाव तुम्ही आधीच पुसून कोरडा केला होता. रॉकेलने. शाई पुसायची सवय.”

“रॉकेल सगळ्यांच्या घरी असतं,” देवीलालजी म्हणाले. पण आवाजातला मध आटला होता. “पुरावा काय?”

अंजू बबिताकडे वळली. “ताई, रुळावरचं कुंकू तुमच्या हाताचं आहे?”

बबिताने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती यंत्राकडे पाहत होती.

“नाई,” ती म्हणाली. “काल तुमी मले इचारलंच नाई. यांलेच इचारलं.”

“बबिता!”

“म्या नवमीच्या सकाळी पूजा केली. अंगनातली शेवंती वाह्यली. दुपारी मशीनचा आवाज आला. मी म्हनलं, आज नोका चालवू, आज त्याले झोपू द्या. हे म्हने, आज कोनी येत नाई, आजच होते हे काम. मंग सरांचा आवाज आला. देवीलाल, आजच्या दिवशी? मंग मशीन बंद झालं.” तिने पदर घट्ट धरला. “यांनं माह्याकडून रॉकेल नेलं. फुलं मागतली, त म्या सांगतलं, शेवंती संपली. मशीनची पूजा फिसकटली म्हने, आन बाजारातून माळ आनली. मी खरं धरलं. दसऱ्याच्या सकाळी सरांचं ऐकलं, आन मंग मले माह्या घरात पाय ठेववेना.”

ठाणेदार मागच्या खोलीत गेले. पत्र्याच्या पेटीमागे छापील कागदांचे गठ्ठे होते. नामांकित कीटकनाशकाच्या बाटलीवर असतं तसंच बनावट लेबल, तोच रंग, तीच कवटी. बाटलीत काय भरायचं हे छापणाऱ्याला विचारायचं नसतं.

“बोरी अरबचे ते दोघं,” अंजू म्हणाली.

देवीलालजी स्टुलावर बसले. “मी फक्त कागद छापला, मॅडम.”

“सर काय म्हणाले?”

“ओरडले नाहीत.” त्यांनी हातांकडे पाहिलं. “म्हणाले, तूच पोलिसात जा. उद्या मी सोनं द्यायला येईन, तोवर जाऊन ये. दाराकडे वळले. मुदत देत होते मला.”

“मग का?”

“मुदत मिळाली की माणूस विचार करतो. मला विचार करायचा नव्हता.”

७

बादल ठाण्याबाहेर आला तेव्हा मानीबाईने त्याला आधी कवेत घेतलं आणि मग सगळ्यांदेखत एक चापट मारली.

“दिवा सोडून येते?” ती म्हणाली. “माह्या हातचं खाऊन खोटं बोलते?”

बादल रडत रडत हसला. ठाणेदार साहेब अंजूकडे येता येता बादलकडे वळले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मालकाशी मी बोलतो गा. जाय घरी.” मायलेक तांड्याच्या वाटेला लागले. तिचा हात त्याच्या दंडावर होता, आणि ती तो सोडत नव्हती.

व्हरांड्यात बबिता बसली होती. जबाब लिहून झाला होता, तिला जा म्हणून सांगितलं होतं, पण तिला जायला घर उरलं नव्हतं. अंजूने पाणी दिलं. ती प्यायली नाही.

“थे पोरगं हसलं,” बबिता म्हणाली. “म्या पाह्यलं. बरं वाटलं, खोटं कायले सांगू.” मग तिने अंजूचा हात धरला. “माही खुशी यवतमाळले होस्टेलात हाय. तिच्या बापानं काय केलं थे तिले मोबाइलवरून नोको कळू द्या. आन तिच्या बापाचं नाव तिच्या मायनंच घेतलं, हेबी. मी फोन हातात घेते आन मले आवाजच फुटत नाई. कोनीतरी तिच्यापाशी बसून सांगा. मले शब्द द्या, मॅडम.”

“दिला,” अंजू म्हणाली.

फाटकाशी रजत मोटरसायकलला टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“माही बातमी तयार हाय,” तो म्हणाला. त्याने मोबाइल खिशात ठेवला. “संध्याकाळपर्यंत थांबतो. पन मी एकटाच थांबलो, मॅडम. गाव नाई थांबत.”

अंजूने मान हलवली. आत जाऊन तिने टोपी आणि पट्टा कपाटात ठेवला, वर्दी उतरवून साधी सुती साडी नेसली. पोरीच्या दारात पोलीस उभा राहायला नको होता. ठाणेदार फोनवर वरच्या साहेबांना हकीकत सांगत होते. मागच्या दाराने ती निघाली आणि यवतमाळची एसटी लागली होती तिकडे भराभर चालू लागली.